'द स्कार्लेट लेटर' पहिल्यांदा वाचताना : पाप, अपराधभाव आणि सूड यांचा माग कसा काढावा

नॅथॅनिएल हॉथॉर्न यांची 'द स्कार्लेट लेटर' ही कादंबरी १८५० साली बॉस्टनमध्ये प्रसिद्ध झाली. इंग्रजी साहित्य घेऊन पदवीचा अभ्यास करणारे आपल्याकडचे बरेच विद्यार्थी तिच्याकडे वळतात ते परीक्षेच्या निमित्ताने, आणि कथासार, पात्रचित्रणे व प्रतीकांची यादी पाठ करून तिला निरोपही देतात. यात मोठे नुकसान होते, कारण एखादी गोष्ट हातून घडून गेल्यावर माणसाच्या आत वर्षानुवर्षे काय चालते, याचा इतका चिकाटीने घेतलेला शोध फार थोड्या कादंबऱ्यांत सापडतो. ज्यांना ही कादंबरी प्रथमच आणि स्वतःच्या बळावर वाचायची आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. यात कथानक शेवटापर्यंत उघड केले आहे. पण या कादंबरीचा जीव रहस्यात नाही, त्यामुळे वाचकाचे त्यात काही बिघडणार नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की धरावी. ज्या कृत्याला, म्हणजे एका विवाहित स्त्रीच्या परपुरुषाशी आलेल्या संबंधाला, गावाने पाप ठरवले आहे, ते कादंबरीचे पहिले पान उघडण्यापूर्वीच घडून गेलेले आहे. हॉथॉर्न ते कोठेही दाखवत नाहीत, त्याची आठवणसुद्धा तपशिलाने सांगत नाहीत. म्हणून 'पाप कोणी केले' हा प्रश्न घेऊन बसलेल्या वाचकाला उत्तर लवकर मिळते आणि पुढची पाने त्याला संथ वाटू लागतात. त्याऐवजी, घडून गेलेल्या गोष्टीचे पुढे प्रत्येकाने काय केले, असे विचारत वाचावे. हेस्टर प्रिन या विवाहितेने ती अंगावर वागवली, तिचा प्रियकर असलेला पाळक (चर्चचा धर्मगुरू) आर्थर डिम्सडेल याने ती लपवली आणि वैद्य म्हणून वावरणारा तिचा नवरा रॉजर चिलिंगवर्थ ती उकरत राहिला. माझ्या मते संपूर्ण कादंबरी या तीन वागण्यांच्या परस्परसंबंधांवर उभी आहे, आणि त्यातही लपवणारा व उकरणारा यांचे नाते हा तिचा गाभा आहे.

पायरी १ : पुस्तक हाती घेण्यापूर्वी

स्वामित्वहक्काची मुदत केव्हाच संपलेली असल्याने मूळ इंग्रजी संहिता प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते, आणि ऐकायची असल्यास लिब्रिवॉक्सवर तिचे वाचनही उपलब्ध आहे. तरीही पहिल्या वाचनासाठी टिपा असलेली छापील आवृत्ती घ्यावी, कारण जुने शब्द, बायबलचे संदर्भ आणि सतराव्या शतकातील पोशाख व पदे यांपाशी वारंवार थांबावे लागते. उदाहरणार्थ, नवव्या आणि दहाव्या प्रकरणाच्या शीर्षकातील 'लीच' हा वैद्यासाठीचा जुना शब्द आहे, हे ठाऊक नसेल तर वाचक उगाच गोंधळतो.

पुस्तकाच्या आरंभी 'द कस्टम-हाउस' नावाचे दीर्घ प्रास्ताविक आहे. पहिल्या वाचनात ते सरळ बाजूला ठेवावे. अनेक वाचक या जकातकचेरीच्या वर्णनातच थकतात आणि हेस्टरपर्यंत पोहोचतच नाहीत. त्याची खरी चव कादंबरी वाचून झाल्यावर येते, म्हणून त्याविषयी शेवटी लिहिले आहे. मुख्य कथेची २४ प्रकरणे आहेत, बहुतेक आटोपशीर. एका बैठकीत दोन किंवा तीन, अशा गतीने वाचली तर लांब वाक्यांची सवय होते आणि कथेचा धागाही सुटत नाही.

याच नावाचा १९९५ सालचा हॉलिवूड चित्रपट आधी पाहू नये. त्यात शेवट सुखाचा केलेला आहे, आणि तो डोक्यात ठेवून वाचणाऱ्याला डिम्सडेलचे वागणे निव्वळ भ्याडपणाचे वाटू लागते.

पायरी २ : त्या काळचे बॉस्टन समजून घेणे

कथा घडते ती १६४० च्या दशकात, मॅसॅच्युसेट्स बे या वसाहतीतील बॉस्टनमध्ये. जॉन विन्थ्रॉप यांच्या नेतृत्वाखाली आलेल्या इंग्लिश प्युरिटन (कडक आचाराचा आग्रह धरणाऱ्या प्रोटेस्टंट) लोकांनी हे गाव १६३० साली वसवले. धर्म आणि कायदा यांत त्यांनी फारसे अंतर ठेवले नव्हते. १६४१ च्या त्यांच्या कायदेसंग्रहात व्यभिचाराला देहान्ताची शिक्षा सांगितलेली होती, आणि १६४४ साली मेरी लेथम व जेम्स ब्रिटन या दोघांना या गुन्ह्यासाठी प्रत्यक्षात फाशी देण्यात आली. तिसऱ्या प्रकरणात गर्दीतला एक माणूस सांगतो की, कायद्याने हेस्टरला मरणच द्यायला हवे होते. पण तिचा नवरा बहुधा समुद्रात बुडाला असावा, हे लक्षात घेऊन न्यायाधीशांनी दया दाखवली आणि तीन तास चौथऱ्यावर उभे राहण्याची व पुढे आयुष्यभर छातीवर लाल 'A' (अडल्टरी, म्हणजे व्यभिचार) या अक्षराची खूण बाळगण्याची शिक्षा दिली. आजच्या वाचकाला अमानुष वाटणारी ही शिक्षा त्या गावाच्या लेखी सवलत होती, हे विसरले की दुसऱ्या प्रकरणातील बायकांची कुजबुज नीट कळत नाही.

कायद्याहूनही महत्त्वाची आहे ती त्यांची श्रद्धा. कोणाचा उद्धार होणार आणि कोणाचा नाही, हे देवाने आधीच ठरवून ठेवले आहे, असे जॉन कॅल्व्हिन या सोळाव्या शतकातील धर्मसुधारकाच्या शिकवणीनुसार चालणारे हे लोक मानत. उद्धार पुण्यकर्माने मिळवता येत नाही. फार तर आपल्या मनात आणि आचरणात त्याची चिन्हे शोधता येतात. त्यामुळे स्वतःचे मन रात्रंदिवस तपासत राहणे हा त्यांच्या धर्माचाच भाग होता. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक चर्चमध्ये भाविक धर्मगुरूपाशी एकांतात पापनिवेदन करतो आणि त्याला क्षमेचे शब्द ऐकायला मिळतात. प्युरिटनांनी हा संस्कार नाकारलेला होता. त्यांच्याकडे कबुली द्यायची ती देवापुढे आणि जाहीर पापाची असेल तर सगळ्या मंडळीपुढे. आपल्याकडे धर्मशास्त्राने पापाला प्रायश्चित्त सांगितले आहे आणि ते विधिपूर्वक केले की माणूस पुन्हा व्यवहाराला मोकळा होतो, ही कल्पना आपल्या हाडीमांसी खिळलेली आहे. तीच मनात ठेवून वाचणारा विचारतो की, डिम्सडेल इतके उपास आणि जागरणे करतो, मग त्याची सुटका का होत नाही? त्याच्या धर्मात सुटकेचे एकच दार आहे आणि ते भर बाजारात उघडते.

पायरी ३ : तीन चौथरे आधी मनात ठेवणे

कादंबरीचा सांगाडा अगदी साधा आहे. बाजारपेठेतील शिक्षेच्या चौथऱ्यावर सगळी पात्रे तीनदा एकत्र येतात : दुसऱ्या व तिसऱ्या प्रकरणात, बाराव्यात आणि तेविसाव्यात. पहिल्या वेळी भर दिवसा हेस्टर आपल्या तीन महिन्यांच्या मुलीला, पर्लला, घेऊन एकटी चौथऱ्यावर उभी आहे, डिम्सडेल वरच्या सज्जात प्रतिष्ठितांमध्ये आहे आणि चिलिंगवर्थ खाली गर्दीत. सात वर्षांनी मध्यरात्री डिम्सडेल स्वतः चौथऱ्यावर चढतो, पण तेव्हा पाहायला गाव नाही. शेवटी, वर्षातील सर्वांत मोठ्या सार्वजनिक दिवशी, कीर्तीच्या शिखरावर असताना तो सर्वांसमक्ष चढतो. या प्रसंगांत कोण कोठे उभे आहे, उजेड आहे की अंधार आणि कोण कोणाला पाहते आहे, एवढेच टिपून ठेवले तरी मधल्या प्रकरणांना दिशा मिळते.

तिसऱ्या प्रकरणात डिम्सडेलला हेस्टरकडून बाळाच्या बापाचे नाव काढून घेण्याची आज्ञा होते. तो तिला जे सांगतो ते दोनदा वाचावे. तो पुरुष उंच जागेवरून खाली येऊन तुझ्याशेजारी उभा राहिला, तरी अपराधी मन आयुष्यभर लपवण्यापेक्षा ते त्याच्यासाठी बरेच आहे, अशा आशयाचे ते बोलणे आहे. गर्दीला ते पाळकाने केलेले आवाहन वाटते. प्रत्यक्षात एक माणूस, जे स्वतः करण्याचे धैर्य त्याच्यात नाही, ते दुसऱ्याने आपल्याकडून करवून घ्यावे म्हणून विनवतो आहे. हेस्टर नाव सांगत नाही. तिच्या त्या निष्ठेमुळे तो वाचतो आणि त्याच क्षणी बुडतोही.

पायरी ४ : कोणाला काय ठाऊक आहे, याची वही

नव्या वाचकाला मी एकच लेखी काम सुचवेन. वहीत प्रत्येक पात्राच्या नावापुढे, त्याला काय आणि कोणत्या प्रकरणात कळले, ते लिहीत जावे. चौथ्या प्रकरणात तुरुंगात वैद्य म्हणून आलेला चिलिंगवर्थ हेस्टरचा परागंदा नवरा आहे, हे फक्त त्या दोघांना माहीत असते, आणि ते कोणाला सांगणार नाही असे वचन तो तिच्याकडून घेतो. तिचा प्रियकर कोण, हे त्याला ठाऊक नाही. डिम्सडेलला स्वतःचा अपराध ठाऊक आहे, पण आपल्या घरात राहणारा वैद्य कोण, ते माहीत नाही. हेस्टरला दोन्ही माहीत आहे आणि दोन्हींविषयी ती गप्प आहे. दहाव्या प्रकरणाच्या शेवटी चिलिंगवर्थची खात्री पटते. डिम्सडेलला सत्य कळते ते सतराव्यात, जंगलात. आणि गावाला तेविसाव्यात.

ही वही ठेवली की लक्षात येते, सूड येथे तलवारीने घेतला जात नाही. तो घेतला जातो तो एकाला ठाऊक असण्यातून आणि दुसऱ्याला ठाऊक नसण्यातून. डिम्सडेलने आपली गोष्ट कोणत्याही एका दिवशी उघड केली असती तर चिलिंगवर्थच्या हाती काहीच उरले नसते. शेवटच्या प्रसंगी तो म्हातारा जवळजवळ हेच बोलून दाखवतो : साऱ्या पृथ्वीवर, या चौथऱ्याखेरीज, माझ्यापासून निसटायला तुला दुसरी जागा नव्हती.

पायरी ५ : हेस्टरकडे पाहताना

पाचवे आणि तेरावे प्रकरण लागोपाठ वाचावे. लाल कापडावर सोनेरी जरीने भरलेले ते अक्षर हेस्टरने स्वतःच्या हाताने केलेले आहे, आणि शिक्षा म्हणून दिलेली वस्तू तिने इतकी देखणी करावी, यातच तिची गावाशी चाललेली झुंज दिसते. पुढे याच हातांवर ती पोट भरते. राज्यपालाच्या कॉलरपासून बाळाच्या टोपीपर्यंत आणि प्रेतावर घालायच्या वस्त्रापर्यंत तिचे भरतकाम गावात सगळीकडे चालते. फक्त नवरीच्या ओढणीचे काम तिला कधीच सांगितले जात नाही. ती आजाऱ्यांची सेवा करते, गरिबांना कपडे शिवून देते आणि काही वर्षांनी लोक त्याच अक्षराचा अर्थ 'एबल', म्हणजे 'समर्थ', असा लावू लागतात.

येथे थांबून हेस्टरला साध्वी ठरवण्याचा मोह होतो आणि बरीच मार्गदर्शके तसे ठरवूनही टाकतात. हॉथॉर्न मात्र तसे म्हणत नाहीत. अक्षराने आपले काम केलेले नाही, असे त्यांनी तेराव्या प्रकरणात स्वच्छ लिहिले आहे. बाहेरून ती नम्र झाली आहे. आतून तिचे विचार इतके मोकाट झाले आहेत की, पर्लला मारून आपणही मरावे असेही तिच्या मनात कधीकधी येते. गाव सोडून जाण्याची तिला मुभा होती, तरी ती राहिली. जेथे पाप घडले तेथेच शिक्षा भोगावी, असे ती स्वतःला सांगते. पण ज्याच्याशी आपण बांधले गेलो तो पुरुष याच गावात आहे, हे खरे कारण तिने स्वतःपासूनही दडवले आहे, असे निवेदक सुचवतो.

तिच्या अपराधभावाची खरी जागा आणखी वेगळी आहे, आणि पहिल्या वाचनात ती हमखास निसटते. डिम्सडेलशी असलेल्या संबंधाबद्दल हेस्टर जंगलात ठामपणे म्हणते की, आपण जे केले त्याला स्वतःचे असे पावित्र्य होते. तेथे ती झुकत नाही. ती झुकते ते चिलिंगवर्थला दिलेल्या वचनाबद्दल. शत्रू त्याच्या घरात राहतो आहे हे माहीत असून सात वर्षे मी बोलले नाही, हे सांगताना ती त्याच्या शेजारी पानांवर स्वतःला झोकून देते आणि क्षमा मागते. गावाने ज्याबद्दल तिला शिक्षा दिली, ते तिला पाप वाटत नाही. ज्याबद्दल कोणीही तिला जाब विचारलेला नाही, ते तिला जाळते. सतरावे प्रकरण या दृष्टीने वाचले तर हेस्टर प्रतीक न राहता चूक करणारी, ती ओळखणारी आणि ती मान्य करणारी बाई म्हणून समोर येते, आणि माझा तिच्याविषयीचा आदर याच प्रकरणामुळे आहे.

पायरी ६ : डिम्सडेलची टोचणी

अकरावे प्रकरण संथपणे, शक्य तर मोठ्याने वाचावे. डिम्सडेल मंडळीपुढे उभा राहून सांगतो की मी तुमच्यातला सर्वांत नीच पापी आहे. लोक म्हणतात, केवढी ही नम्रता, आणि त्याला अधिकच पूज्य मानतात. आपल्या शब्दांचा हाच अर्थ लावला जाणार, हे त्याला आधीपासून ठाऊक असते. म्हणजे तो अक्षरशः खरे बोलून खोटे पसरवतो. मोघम कबुली हे लपण्याचे सर्वांत सुरक्षित ठिकाण असते, हे हॉथॉर्न यांनी येथे ज्या निर्दयपणे दाखवले आहे, ते वाचताना प्रत्येकाला स्वतःचे काही ना काही आठवेल. याच वेळी दुःखाने त्याला इतरांच्या दुःखाशी जोडले आहे आणि त्यामुळेच त्याची प्रवचने हृदयाला भिडतात, हेही लेखक मान्य करतो. त्याच्या थोरवीची आणि त्याच्या ढोंगाची मुळे एकच आहेत.

रात्री तो स्वतःला चाबकाने फोडतो, गुडघे थरथरेपर्यंत उपास करतो, जागतो. सतराव्या प्रकरणात तो स्वतःच याचा हिशेब मांडतो : प्रायश्चित्त मी पुष्कळ केले, पश्चात्ताप मात्र मुळीच झाला नाही. हे वाक्य अधोरेखित करून ठेवावे, कारण कादंबरीतील अपराधभावाचे सारे विवेचन त्यात सामावलेले आहे. देहाला दिलेली शिक्षा गुपित राहू शकते, आणि म्हणूनच ती त्याला परवडते. हेस्टरची खूण अंगाबाहेर आहे, रोज लोकांच्या नजरा झेलून ती बोथट होत गेली. त्याची आत आहे आणि तिला वारा लागत नाही. छातीवर हात दाबून धरण्याची त्याची सवय पर्लच्या नजरेतूनसुद्धा सुटत नाही.

बाराव्या प्रकरणातील मध्यरात्री आकाशात उल्का चमकते आणि डिम्सडेलला त्या उजेडात प्रचंड लाल अक्षर दिसते. आपल्याकडे 'चोराच्या मनात चांदणे' म्हणतात ते येथे शब्दशः घडते. विश्वाने आपल्या एकट्यासाठी आकाशावर मजकूर लिहावा, असे वाटण्याइतका माणूस स्वतःच्या दुखण्यात बुडाला की त्याचा अपराधभावसुद्धा अहंकारच होऊन बसतो, असे निवेदकाचे भाष्य आहे. दुसऱ्या दिवशी चर्चचा सेवक तेच अक्षर गावाने कसे वाचले ते सांगतो : राज्यपाल विन्थ्रॉप त्याच रात्री वारले, म्हणून 'A' ही 'एंजल'ची, म्हणजे देवदूताची खूण. एकच आकाश, दोन वाचने. याच रात्री पर्ल त्याला विचारते की, उद्या दुपारी तू आई आणि मी यांच्याबरोबर येथे उभा राहशील का? तो म्हणतो, उद्या नाही, शेवटच्या न्यायाच्या दिवशी. पर्ल हात सोडवून घेऊ पाहते.

पायरी ७ : चिलिंगवर्थचा सूड

नवे वाचक चिलिंगवर्थला पहिल्या पानापासून खलनायक मानतात आणि त्यामुळे त्याच्यापाशी असलेले सर्वांत मोलाचे गमावतात. चौथे प्रकरण पुन्हा उघडावे. फसवला गेलेला हा नवरा आपल्या बायकोला म्हणतो की पहिली चूक माझी. तुझ्या उमलत्या तारुण्याला मी माझ्या ओसरत्या वयाशी बांधले. तुझ्यामाझ्यात हिशेब बरोबरीचा झाला, असे म्हणून तो तिच्यावरचा राग सोडून देतो. इतकी समजूत दाखवणारा माणूस त्या काळच्या गावात दुसरा कोणी नाही. मग त्याच श्वासात तो म्हणतो, दुसरा जो आहे त्याला मी शोधीन, जसे पुस्तकांतून सत्य शोधले तसे. त्याला मारणार नाही, कायद्याच्या हवाली करणार नाही. पण तो माझा होईल.

त्याचा सूड असा अभ्यासाच्या रूपाने सुरू होतो. दहाव्या प्रकरणाच्या आरंभी लिहिले आहे की तो आयुष्यभर शांत आणि सरळ माणूस होता, आणि भूमितीचा प्रश्न सोडवावा तशा अलिप्तपणे त्याने तपास हाती घेतला. हळूहळू तपासाने त्यालाच धरले. वैद्य रोग्याबरोबर एकाच घरात राहायला जातो, औषधे देतो, रात्री गप्पा मारतो, कबरीवर उगवलेल्या काळपट पानांचा विषय काढून हे न सांगितलेल्या पापातून उगवले असावे, असे सहज बोलून जातो आणि समोरच्याचा चेहरा न्याहाळतो. एका दुपारी डिम्सडेल गाढ झोपला असता तो त्याच्या छातीवरचे वस्त्र बाजूला सारतो. त्याला काय दिसले, ते लेखक सांगत नाही. त्याचा आनंद मात्र दाखवतो, आणि तो आनंद सैतानाचा आहे.

डिम्सडेलला त्याने मरू दिले नाही, उलट जगवले, हे विशेष ध्यानात घ्यावे. चौदाव्या प्रकरणात तो ते अभिमानाने सांगतो : माझी काळजी नसती तर तो पाळक पहिल्या दोन वर्षांतच जळून गेला असता. रोगी जिवंत राहिला तरच यातना चालू राहतात. पण त्याच संभाषणात, समुद्रकिनाऱ्यावर, त्याला स्वतःचे रूप दिसते. एके काळी माणसाचे हृदय असलेला मी केवळ त्याला छळण्यासाठी राक्षस झालो, असे तो हेस्टरजवळ बोलून जातो. ती म्हणते, मग क्षमा कर आणि सुट. तो म्हणतो, ते आता माझ्या हाती नाही, हे सगळे नियतीने ठरवलेले आहे.

या उत्तरावर वाचकाने थोडा वेळ घालवावा. सगळे आधीच ठरलेले आहे, ही प्युरिटनांची श्रद्धा त्याने स्वतःच्या सोयीसाठी हाताशी धरली आहे. समोर क्षमेचा मार्ग मोकळा असताना तो म्हणतो की मार्गच नाही. चिलिंगवर्थचे पतन नेमके कोठे पूर्ण होते असे मला विचारले, तर मी या प्रकरणाकडे बोट दाखवीन. डिम्सडेलची जी टोचणी, तीच याची भाकरी झाली आहे. म्हणून डिम्सडेल गेल्यावर वर्षभरात तो उपटलेल्या तणासारखा सुकून मरतो.

मोठा पापी कोण, हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो आणि सतराव्या प्रकरणात डिम्सडेलने त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे : त्या म्हाताऱ्याचा सूड माझ्या पापाहून काळा, कारण त्याने थंड डोक्याने एका मानवी हृदयाचे पावित्र्य भंग केले. उत्तर म्हणून हे उद्धृत करण्यापूर्वी ते कोण आणि केव्हा म्हणतो, हे पाहावे. आपल्याहून मोठा पापी सापडल्याचा दिलासा त्या बोलण्यात आहे. निर्णय बरोबर असेल, माझ्या मते आहेही; पण तो देणारा माणूस निःपक्षपाती नाही.

पायरी ८ : जंगल आणि पर्ल

सोळाव्या ते विसाव्या प्रकरणांत, जंगलात डिम्सडेलला भेटल्यावर, हेस्टर छातीवरचे अक्षर काढून फेकते, केस मोकळे सोडते आणि उन्हाचा पूर येतो. वाचकही त्यांच्याबरोबर सुटकेचा श्वास टाकतो. लगेचच पर्ल ओढ्यापलीकडे उभी राहते आणि आईने अक्षर पुन्हा लावल्याशिवाय जवळ येत नाही. तिचा हा हट्ट समजून घ्यावा. जन्मापासून तिने आईला त्या खुणेसह पाहिले आहे, आणि खूण नाकारणे म्हणजे तिच्या लेखी आपल्यालाच नाकारणे. डिम्सडेल तिच्या कपाळाचे चुंबन घेतो तेव्हा ती ओढ्यावर जाऊन ते धुऊन टाकते. पर्ल विचित्र वागते ते पुष्कळदा इतरांनी दाबलेले सत्य मोठ्याने बोलण्यासाठी, एवढे धरून चालले की तिचे प्रसंग उलगडतात.

ब्रिस्टलला जाणाऱ्या जहाजाने पळून जायचे ठरते आणि डिम्सडेलमध्ये अचानक जोम येतो. विसाव्या प्रकरणात गावाकडे परतताना भेटेल त्या भाविकाच्या कानात काहीतरी अभद्र बोलावे, अशी ऊर्मी त्याला वारंवार होते. निघण्यापूर्वी राज्यपालाच्या अधिकारग्रहणाचे प्रवचन आपल्या वाट्याला आले, कोणतेही कर्तव्य अपुरे ठेवून गेलो नाही असे लोक म्हणतील, याचाही त्याला आनंद होतो. पळून जाणाऱ्या माणसाला अजूनही नावलौकिकाची काळजी आहे, हे पाहिले म्हणजे ही मुक्ती नव्हती हे कळते.

पायरी ९ : शेवटाचा निवाडा स्वतः करणे

तेविसाव्या प्रकरणात डिम्सडेल हेस्टर आणि पर्लचा हात धरून चौथऱ्यावर चढतो, छाती उघडी करतो आणि चिलिंगवर्थला क्षमा व्हावी अशी प्रार्थना करून मरतो. पर्ल त्याच्या ओठांचे चुंबन घेते. हा भाग हॉथॉर्न यांनी पत्नी सोफिया यांना वाचून दाखवला तेव्हा त्या इतक्या व्याकूळ झाल्या की डोके धरून त्यांना झोपायला जावे लागले, असे त्यांनी मित्राला पत्रातून कळवले होते.

पण चोविसाव्या प्रकरणात निवेदक पुन्हा सगळे खुले करतो. छातीवर अक्षर होते, ते त्याने स्वतःच कोरले, असे काही म्हणतात. ते वैद्याच्या विषारी जादूने उमटले, असे काही. आतल्या पश्चात्तापाचा दात बाहेरपर्यंत पोहोचला, असे काही. आणि काही प्रतिष्ठित साक्षीदार शपथेवर सांगतात की छाती कोरी होती आणि पाळकाने कबुली दिलीच नाही, त्याने फक्त सर्व माणसे पापी असल्याचा दृष्टान्त दिला. या चौघांपैकी एक निवडून कागदावर चार ओळींत कारण लिहावे. चौथी साक्ष विशेष पाहण्याजोगी आहे : माणसाने जीव देऊन सत्य सांगितले तरी, ज्यांना ते ऐकायचे नाही ते त्याची पुन्हा नम्रताच करून टाकतात. अकराव्या प्रकरणातील मंडळी येथेही हजर आहे.

चिलिंगवर्थ आपली सारी मालमत्ता पर्लच्या नावे ठेवून मरतो. त्याचे कारण लेखक देत नाही, पण मुळाशी गेले तर द्वेष आणि प्रेम एकच नसतील ना, दोन्हींना दुसऱ्या हृदयाची इतकी जवळून ओळख लागते, असा विचार त्याच प्रकरणात मांडतो. आणि हेस्टर कित्येक वर्षांनी परत येऊन, कोणीही न सांगता, ते अक्षर पुन्हा धारण करते. आता दुःखी बायका सल्ल्यासाठी तिच्या झोपडीत येतात.

पायरी १० : मग जकातकचेरी

आता सोडून दिलेले प्रास्ताविक वाचावे. १८४६ पासून सेलममधील जकातकचेरीत नोकरी करणाऱ्या हॉथॉर्न यांना सत्ताबदल झाल्यावर १८४९ मध्ये काढून टाकण्यात आले, आणि त्याच वर्षी त्यांची आई वारली. त्यानंतरच्या काही महिन्यांत ही कादंबरी लिहून झाली. कचेरीच्या माळ्यावर आपल्याला लाल कापडाचे अक्षर आणि जुने कागद सापडले, असे ते तेथे सांगतात. ती कथनाची युक्ती आहे, इतिहास म्हणून घेऊ नये. खरी आहे ती पूर्वजांची गोष्ट. त्यांचे एक पूर्वज विल्यम हॅथॉर्न यांनी क्वेकर पंथीयांचा छळ केला, आणि विल्यम यांचे पुत्र जॉन हॅथॉर्न १६९२ च्या सेलममधील चेटूक खटल्यांत न्यायाधीश होते. त्या खटल्यांत १९ जणांना फाशी झाली. त्यांच्या वतीने ही लाज मी स्वतःवर घेतो, असे हॉथॉर्न या प्रास्ताविकात लिहितात. लपवलेल्या अपराधावर कादंबरी लिहिणाऱ्याने आपल्या घराण्याचा अपराध आधी वेशीवर टांगला आहे, हे येथे कळते.

हे झाल्यावर वेळ मोजका असेल तर तिसरे, चौथे, अकरावे, चौदावे आणि सतरावे एवढीच प्रकरणे या क्रमाने पुन्हा वाचावीत, आणि प्रत्येक संवादाच्या समासात बोलणाऱ्याने त्या वेळी काय दडवले आहे ते पेन्सिलीने लिहीत जावे.